भेटकार्डाच्या पोटातलं कोरं पोस्टकार्ड

२०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यानं काय सोसलं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेलच. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात गावांमध्ये पाणी शिरलं, माणसं दगावली, दावणीला बांधलेली जनावरं गेली. सप्टेंबरात लातूर, धाराशिव, बीडकडे नद्यांनी शेतातली मातीच खरवडून नेली. त्याच सुमारास एका संध्याकाळी नांदेडहून भाचीचा फोन आला. पूर आलेल्या एका गावातल्या शाळेसाठी त्यांच्या वर्गाला भेटकार्डं करायची होती. कार्डशीट कापून झालं होतं, चमकी लावून झाली होती. घोडं अडलं होतं ते आत काय लिहायचं यावर.

"मामा, 'गेट वेल सून' लिहू का?"

"अगं, ती मुलं आजारी नाहीयेत."

"मग 'हॅपी दिवाली'?"

मी एकदम गप्पच झालो. कारण अगदी हाच प्रश्न १९९३ साली, सहावीत असताना, आमच्यापुढे पडला होता. आणि तो आम्हाला नीट सोडवता आला नव्हता. आमच्या बाईंनी सोडवला.

आमच्या घरातल्या मोठ्यांना ती रात्र आठवत असेल. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, पाय दुखेपर्यंत नाचून आम्ही झोपलो होतो. पहाटे चारच्या आत-बाहेर कपाटावरची भांडी वाजली, आणि आजी सगळ्यांना ओढत अंगणात घेऊन आली. नांदेडला तेवढ्यावर निभावलं. दिवस उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. औसा तालुक्यातलं हे गाव तोवर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे आकडे येत गेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पार जमीनदोस्त, आणि जवळपास ८,००० माणसं गेलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

किती लेकरं पोरकी झाली याचा अंदाज पुढच्या दोन गोष्टींवरून यावा. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आणि नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं अशा मुलांसाठी 'आपलं घर' उभं राहिलं. ही कामं वर्षानुवर्षं चालली. त्यांच्यापुढे आमची भेटकार्डं म्हणजे किस झाड की पत्ती! पण मला आज त्या पत्तीबद्दलच लिहायचंय.

तर झालं असं. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला दसरा आणि १३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. सुट्टी लागायच्या आधी बाईंनी सांगितलं, तिकडच्या एका शाळेतल्या मुलांसाठी प्रत्येकानं एक भेटकार्ड करून आणा. बाईंचे मेहुणे औसा तालुक्यात मास्तर होते, ते एसटीनं गठ्ठा घेऊन जाणार होते. आम्ही हुरळलो. घोटीव कागद, जिलेटिन, मैद्याची खळ, जुन्या लग्नपत्रिकांवरची सोनेरी वेलबुट्टी असा सगळा संसार मांडून बसलो. माझ्या कार्डावर आकाशकंदील होता, उघडला की झिरमिळ्या बाहेर येणारा. आत झोकात लिहिलं होतं, 'शुभ दीपावली'.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळा गठ्ठा पाहिला आणि काही न बोलता परत वाटला. वर्ग चिडीचूप. मग त्यांनी एवढंच विचारलं, "ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात दिवाळीला काय करतात?"

आम्हाला माहीत होतं. वर्षभर सण नाही. त्या घरात फराळाचं तळत नाहीत. शेजारपाजारचे, भावकीतले डबा आणून देतात. कंदील लागत नाही. आणि आम्ही ५२ गावांच्या दारात कंदील टांगायला निघालो होतो!

बाजारात जाऊन पाहिलं तर वजिराबादच्या दुकानांतही काही मिळेना. वाढदिवस होता, लग्न होतं, दिवाळी होती, परीक्षेतलं यश होतं. 'तुमचं घर पडलं ते कळलं' असं म्हणणारं भेटकार्ड कुणी छापलंच नव्हतं. छापणार तरी कसं?

पुढे कधीतरी या भेटकार्डांचा इतिहास वाचनात आला आणि बाईंचा तो वर्ग पुन्हा आठवला. विलायतेत १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, टपाल स्वस्त झालं. तीन वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल नावाच्या गृहस्थानं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचं कार्ड काढून घेतलं आणि छापलं. जगातलं पहिलं छापील नाताळ कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. त्या चित्राच्या मधोमध एक खातंपितं कुटुंब पेले उंचावून बसलंय. आणि दोन्ही कडांना, वेलींच्या चौकटीत, गरिबांना अन्न आणि वस्त्र देतानाची चित्रं आहेत. म्हणजे अडचणीतली माणसं अगदी पहिल्या कार्डापासून आहेतच, पण कडेला. ती घेणारी. त्यांनी उलट काही म्हणावं अशी जागा त्या कार्डावर नाही.

दुसरी गोष्ट १९४९ ची. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. झेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला युनिसेफची मदत मिळाली होती. तिथल्या यित्का साम्कोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला एक चित्र काढलं. कागद मिळत नव्हता म्हणून काचेच्या तुकड्यावर काढलं! फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाचणाऱ्या मुली, वर सूर्य. युनिसेफनं त्याचं कार्ड केलं, आणि युनिसेफच्या जगभर गेलेल्या शुभेच्छापत्रांची सुरुवात तिथून झाली. इथे कडेला उभं असलेलं लेकरू मधोमध आलं बघा. ज्याला मदत मिळाली त्यानंच कार्ड केलं.

तिसरी गोष्ट तर आपल्या घरची. १९४९ मध्येच बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं. सुरुवातीला तिथे पिकलेली भाजीसुद्धा गावातले लोक घेत नसत. कुष्ठरोग्यांचा हात लागलेली वस्तू घरात नको! त्याच आनंदवनात पुढे हस्तकलेचं काम सुरू झालं, आणि बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनी, अंध-अपंगांनी, मूकबधिरांनी केलेली शुभेच्छापत्रं महाराष्ट्रभर घरोघरी जाऊ लागली. बाबा दरवर्षी एक पाकीट घ्यायचे. शेजारच्या एक काकू आधी ते हातात घ्यायला आढेवेढे घेत. पुढे त्याच आठवण करून द्यायला लागल्या, यंदा आनंदवनाची कार्डं आली का म्हणून. दयेपोटी मिळालेल्या भाकरीपेक्षा स्वतःच्या कामाची किंमत मोठी, हे बाबा आमटे आयुष्यभर सांगत आले. ते कार्ड हातात आलं की भाषण न ऐकताही कळायचं.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक जाणवतं. धीर देणारं म्हणून जे कार्ड लोकांच्या लक्षात राहिलं ते बहुतेक वेळा सुखातल्या माणसानं दुःखातल्या माणसाला पाठवलेलं नाहीच. ते उलट्या दिशेनं आलेलं आहे. किंवा निदान त्याला उलट यायला वाट तरी आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही खरं तर. संक्रांतीला पाकिटात चिमूटभर हलवा घालून पाठवायचा, दसऱ्याला आपट्याचं पान. हलवा पोचला की तिकडूनही हलवा यायचा. ही देवाणघेवाण होती, नुसतं देणं नव्हे. आणि दुःखाच्या पत्राचे नियम तर फार कडक. वर 'श्री' लिहायचं नाही, वाचून झालं की पत्र फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पण त्यानंतर येणारी सांत्वनाची पत्रं मात्र कुणी फाडत नसे. आजोबा गेल्यावर आलेली अशी पत्रं आजीनं तारेला अडकवून कित्येक वर्षं जपली होती. त्यांत फार काही नसायचं. 'कळले. वाईट वाटले. तुम्ही कशा आहात?' बस्स.

आता बाईंनी काय केलं ते सांगतो. त्यांनी प्रत्येकाकडून १५ पैसे घेतले. तेव्हा पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं. फळ्यावर तीनच सूचना लिहिल्या. कार्डावर आपल्याला आवडतं ते चित्र काढा, सणाचं नको. आत आपलं नाव, इयत्ता आणि गाव लिहा. आणि एक प्रश्न विचारा. मग प्रत्येक भेटकार्डाच्या आत एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं, त्यावर आमच्या शाळेचा पत्ता आधीच लिहिलेला. जुन्या जोडकार्डाचीच युक्ती. अर्धं आपण लिहून पाठवायचं, उरलेलं अर्धं उत्तरासाठी.

प्रश्न काय विचारायचा यावर खूप चर्चा झाली. "घरात कोण कोण आहे?" हा बाईंनी लगेच खोडला. का ते सांगायची गरज पडली नाही. मी गोदावरीचं आणि पुलाचं चित्र काढलं, आणि विचारलं, "तुमच्या गावाला नदी आहे का?"

खरं सांगायचं तर तेव्हाही मनात शंका होती, आणि आजही आहे. भूकंपानंतर मदतीचा एवढा पूर लोटला होता की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडल्याचं तिकडून येणारा प्रत्येकजण सांगे. आपली कार्डं म्हणजे त्या ढिगात आणखी एक ढीग तर नव्हे? पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लेकराला पांघरूण हवं, कार्ड काय करायचंय? ज्या गावाला घरनंबर उरलेले नाहीत तिथे पोस्टमन तरी कुणाकडे जाणार? मोठ्या माणसाला हे प्रश्न पडायलाच हवेत. कार्ड हे पांघरुणाच्या ऐवजी नसतंच. पण पांघरूण कुणी दिलं ते कुणाला कळत नाही, आणि देणाऱ्यालाही कुणी काही विचारत नाही. कार्डावर मात्र नाव असतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि डिसेंबरात पोस्टकार्डं यायला लागली. चाळीसेक गेली होती, त्यांतली पाच परत आली. माझं नव्हतं. बाई एकेक मोठ्यानं वाचायच्या. त्यातलं एक मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात एकही गोड शब्द नव्हता:

"कार्ड मिळाले. चित्र चांगले आहे. आमची शाळा पत्र्याची आहे. तुमच्याकडे पण रात्री हलते का?"

वर्गात सगळ्यांना एकदम उत्तर द्यायचं होतं. हो, आमच्याकडे पण हललं होतं, एकदाच, आजीनं बाहेर आणलं होतं... त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की किल्लारीकडचा मुलगा म्हणजे वर्तमानपत्रातला फोटो नव्हे. तो माझ्याच वयाचा आहे, त्याला रात्री भीती वाटते, आणि ती आम्हालाही वाटते का हे त्याला जाणून घ्यायचंय. धीर आम्ही त्याला दिला की नाही ते देव जाणे. पण आपण एकटे घाबरलो नव्हतो, हे त्यानं आम्हाला कळवलं. आणि आमच्या उत्तरातून ते त्यालाही कळलं असणार. असावं.

असो. भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही, मुलांना फोनवर इतकं ऐकवत नाही. म्हटलं, आपलं नाव लिही, शाळा लिही, एक प्रश्न विचार, आणि आत पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड ठेव. तिनं पोस्टकार्ड कधी पाहिलंच नव्हतं! आईबरोबर जाऊन पोस्टातून घेऊन आली. ५० पैशांना एक मिळतं हे ऐकून तिला हसूच आलं. ५० पैशांचं नाणं कसं असतं, हा तिचा पुढचा प्रश्न. मग तिच्या सगळ्या वर्गानं पोस्टकार्डं आणली.

प्रश्न मात्र तिचा तिनंच शोधला. "तुमची पुस्तकं वाळली का?"

दिवाळीनंतर तिच्या शाळेत सात पोस्टकार्डं आली. तिचं नव्हतं. फोनवर जरा हिरमुसली होती. तिला म्हटलं, अगं, माझंही नव्हतं आलं.