गोधडीचीं पुस्तकें

गोधडी शिवावयास पुस्तक लागतें, असें महाराष्ट्रांतील एखाद्या आजीबाईला सांगितलें तर ती हंसूं लागेल. जुनें मऊ लुगडें, धोतराचें पान, सुई आणि दोरा एवढें साहित्य जमलें कीं तिचें काम सुरू होतें. चार शेजारणी भोंवतीं बसतात आणि कडेपासून मध्यापर्यंत धांवदोऱ्याच्या ओळी पडूं लागतात. ही विद्या आईनें लेकीच्या हातांत दिली. तिची पोथी कोणीं केली नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंतही पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत होती. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत तेथें गोधडीविषयीं पुस्तकें निघूं लागलीं, आणि आतां तर गांवोगांवच्या गोधडी-मंडळांपाशीं पुस्तकांचें एखादें कपाट असतें. महिन्याच्या सभेला येतांना मागील पुस्तक परत आणावें, दुसरें घेऊन जावें, असा साधा व्यवहार. या कपाटांत शिवणाचे नमुने असतात हें तर खरेंच. पण पुस्तकें सालांप्रमाणें लावून पाहिलीं, तर ज्यांचीं नांवें कोठेंही लिहून ठेवलेलीं नाहींत अशा बायकांच्या कामाची नोंद जगानें कशी केली, तींत कोठें चूक केली आणि ती चूक कोणीं दुरुस्त केली, याचा इतिहास तेथें सांपडतो.

पुस्तकांच्या आधीं मासिकें आलीं. फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानें १८३५ सालीं मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी ठिगळांचा नमुना छापला. अमेरिकेंत छापल्या गेलेल्या अगदीं पहिल्या नमुन्यांपैकीं तो एक होय. पुढें सेंट लुई येथील ‘लेडीज आर्ट कंपनी’नें १८८९ च्या सुमारास नमुन्यांची एक सूचि काढली: लहान लहान आकृति, प्रत्येकीला क्रमांक आणि खालीं नांव. टपालानें अल्पशी रक्कम पाठवावी आणि हवा तो नमुना घरपोंच मिळवावा. या सूचीनें सोय झाली, तसें थोडें नुकसानही झालें. तोंपर्यंत एकाच आकृतीला गांवोगांव निराळें नांव असे. ओहायोकडे जिला ‘अस्वलाचा पंजा’ म्हणत, तिलाच लाँग आयलंडच्या चिखलट किनाऱ्यावर ‘चिखलांतले बदकाचे पाय’ म्हणत, आणि फिलाडेल्फियाचे शांतिप्रिय क्वेकर लोक तिला ‘मैत्रीचा हात’ म्हणत. प्रत्येक गांवानें आपल्या डोळ्यांसमोर जें होतें तें त्या ठिगळांत पाहिलें. छापील सूचींत मात्र एका आकृतीखालीं एकच नांव मावतें.

गोधडीच्या इतिहासाला वाहिलेलें पहिलें स्वतंत्र पुस्तक १९१५ सालीं निघालें. त्याची लेखिका मेरी वेब्स्टर ही इंडियाना प्रांतांतील मॅरियन गांवची गृहिणी. तिचा जन्म १८५९ चा; पन्नाशीच्या घरांत आल्यावर तिनें गोधड्यांचे स्वतःचे नमुने रचण्यास आरंभ केला. फिक्या गुलाबी, पोपटी रंगांचीं फुलें कापून पांढऱ्या कापडावर शिवलेल्या तिच्या गोधड्या १९११ पासून ‘लेडीज होम जर्नल’ या मोठ्या खपाच्या मासिकांत झळकल्या, आणि देशभरांतून नमुन्यांची मागणी येऊं लागली. पन्नास सेंटांत ती नमुन्याचें पाकीट पाठवी. त्यांत पूर्ण मापाच्या आकृति असत, आणि कोणतें फूल कोठें बसवावयाचें तें दाखविणारा पातळ कागदही असे. तिच्या पुस्तकाचें नांव ‘क्विल्ट्स: देअर स्टोरी अँड हाउ टु मेक देम’. इतिहास सांगावयास बसली तेव्हां ती थेट प्राचीन मिसर देशापर्यंत गेली. चूलखंडाशेजारच्या कामाला एवढी लांब वंशावळ जोडून देण्यांत थोडा हट्ट दिसतो खरा. पण हें काम इतिहास लिहिण्याच्या योग्यतेचें आहे, असें म्हणण्याचें धैर्य प्रथम तिनें केलें.

तिच्यामागून १९२९ सालीं रूथ फिन्ले हिचें ‘ओल्ड पॅचवर्क क्विल्ट्स’ आलें आणि १९३५ सालीं कॅरी हॉल व रोझ क्रेट्सिंगर यांचें ‘द रोमान्स ऑफ द पॅचवर्क क्विल्ट इन अमेरिका’. कॅरी हॉलची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. कॅन्सस प्रांतांतील लेव्हनवर्थ गांवीं ती श्रीमंत बायकांचे पोषाख शिवी. तयार कपड्यांचीं दुकानें वाढलीं आणि तिचा धंदा बसला. तेव्हां ज्ञात असलेल्या प्रत्येक नमुन्याचा एकेक चौकोन स्वतः शिवावयाचा, असा संकल्प तिनें सोडला. आठशेंच्या वर चौकोन तिनें शिवले. ते फोटो काढून पुस्तकांत छापले, आणि १९३८ सालीं मूळ संग्रह कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयाला देऊन टाकला. विद्वानांनीं कोश करावा आणि त्यांतील प्रत्येक शब्द स्वतःच्या हातानें कापडावर उमटवावा, अशांतला हा प्रकार.

त्याच काळांत वृत्तपत्रांनींही हा विषय उचलला होता. ‘कॅन्सस सिटी स्टार’नें १९२८ पासून १९६१ पर्यंत हजारावर नमुने छापले, बायकांनीं कात्रणें वह्यांत चिकटविलीं. १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें सिअर्स कंपनीनें गोधड्यांची स्पर्धा लावली. मंदीचे दिवस, पहिलें पारितोषिक १,००० डॉलरचें. सुमारें चोवीस हजार गोधड्या आल्या. काम स्वतःच्या हातचें असावें अशी अट होती. केंटकींतील ज्या बाईंना पहिला मान मिळाला, त्यांनीं तींत एक टांकाही घातलेला नव्हता. मजुरीवर ठेवलेल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनीं ती गोधडी केली होती, आणि पोटाचा प्रश्न असल्यामुळें त्या गप्प राहिल्या. ही गोष्ट साठ वर्षांनीं, मेरीके वॉल्डव्होगल आणि बार्बरा ब्रॅकमन यांनीं १९९३ सालीं त्या स्पर्धेवर पुस्तक लिहिलें तेव्हां छापून आली. गोधडी तोंपर्यंत हरवली होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नीला ती भेट दिली गेली होती, त्यापुढें तिचा माग लागत नाहीं.

इंग्लंडांतील पुस्तकांचा बाज निराळा. तेथें ठिगळांपेक्षां टांक्यांना महत्त्व अधिक: एकरंगी कापड, आंत लोकर किंवा कापूस, आणि वर टांक्यांनींच काढलेलीं पिसें, वेल, चक्रें. डरहॅम आणि दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींवर ही कला टिकली ती हौसेनें नव्हे. खाणींत नवरा दगावला किंवा जायबंदी झाला कीं बायको ‘क्लब’ चालवी; शेजारपाजारच्या घरांतून आठवड्याला थोडे थोडे पैसे घ्यावयाचे आणि पाळीपाळीनें एकेकीला गोधडी करून द्यावयाची. १९२८ पासून ग्रामोद्योगांसाठीं असलेल्या एका सरकारी मंडळानें या बायकांना मदत देण्यास सुरवात केली. त्या कामांत ज्यांनीं खाणींच्या वस्त्या पायाखालीं घातल्या, त्या मेव्हिस फिट्झरँडॉल्फ यांनीं ‘ट्रॅडिशनल क्विल्टिंग’ हें पुस्तक १९५४ सालीं लिहिलें. त्यांत कल्पनेचे पंख नाहींत. कोणी किती तास बसे, आकृति कापडावर कशी आंखली जाई, चौकटीवर कापड कसें ताणलें जाई, हें विचारून लिहिलेलें आहे. आणि म्हणूनच तें आजही टिकलें आहे.

१९७१ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनीं जमविलेल्या गोधड्या चित्रांप्रमाणें भिंतीवर टांगल्या गेल्या. नव्या चित्रकारांच्या अमूर्त आकृति आणि या शेतकरी बायकांच्या आकृति यांत लोकांना विलक्षण साम्य दिसलें. स्तुति फार झाली. पॅट्रिशिया मेनार्डी यांनीं मात्र १९७३ सालीं एका लेखांत रोखठोक विचारलें कीं, भिंतीवर गोधडी चढली, पण तिच्या करणारीचें नांव कोठें गेलें? हा प्रश्न पुढील सर्व लेखनाच्या मुळाशीं आहे. त्या दशकांत मंडळें भराभर निघालीं. ब्रिटनमधील गोधडीकारांचा संघही १९७९ चाच. त्याच वर्षीं एका जपानी कंपनीनें कापड कापण्याचें गोल पात्याचें हत्यार बाजारांत आणलें, आणि पुठ्ठ्याचे साचे आंखण्यास शिकविणारीं जुनीं पुस्तकें पांच-दहा वर्षांतच कपाटाच्या खालच्या फळीवर गेलीं. नमुन्यांच्या पुस्तकांचें आयुष्य असें थोडकेंच असतें.

इतिहासाच्या पुस्तकांचें तसें नाहीं. त्यांतील चुका फार दिवस जगतात. वसाहतीच्या काळीं गरीब गृहिणी चिंध्या जोडून गोधड्या करीत, आणि वेड्यावांकड्या ठिगळांची ‘क्रेझी’ गोधडी ही सर्वांत जुनी, ही कथा वर्षानुवर्षें पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आली. कॅलिफोर्नियांत सॅली गॅरूट यांनीं १९८० सालीं अमेरिकन गोधडी-अभ्यास मंडळ स्थापिलें आणि पहिल्याच वर्षीं मृतांच्या मालमत्तेच्या जुन्या याद्या वाचून दाखवून दिलें कीं, त्या काळीं अंथरुणांत घोंगड्याच अधिक असत. गोधडी क्वचित् आणि तीही महागाची. ‘क्रेझी’ गोधडी तर १८८० नंतरच्या दशकांतली रेशमी दिवाणखान्यांतली हौस ठरली.

येथें हिंदुस्थानचा धागा येऊन मिळतो. त्या महागड्या गोधड्यांत दिसणारीं रंगीत फुलें आणि पक्षी पुष्कळदां कोरोमांडल किनाऱ्यावरच्या छिटांचे असत. छीट एवढी मोलाची कीं, एकेक पक्षी कापून पांढऱ्या कापडावर शिवीत आणि थोड्या छिटांत मोठी गोधडी सजवीत. मोठ्या छापील चादरीला इंग्रजींत ‘पॅलम्पोर’ म्हणतात. तो शब्द आपल्या पलंगपोसाचाच. ‘कॅलिको’ हें कापडाचें नांव कालिकत बंदराचें. याहूनही आधीं, सोळाव्या-सतराव्या शतकांत, बंगालमधील सातगांवच्या पिवळ्या रेशमानें भरलेल्या गोधड्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं लिस्बनला नेल्या होत्या. बार्बरा ब्रॅकमन यांनीं कापडाचे रंग आणि छाप यांवरून गोधडीचा काळ ठरविण्याची रीत सांगणारें पुस्तक १९८९ सालीं लिहिलें, त्याचें नांव ‘क्लूज इन द कॅलिको’. त्याआधीं त्यांनीं जुन्या मासिकांतले, सूचींतले आणि कात्रणांतले नमुने कार्डांवर उतरून त्यांचा कोश केला होता. १९९३ च्या आवृत्तींत चार हजारांवर नमुने आहेत, आणि प्रत्येक नांव कोणीं, केव्हां छापलें याची नोंद आहे. ‘अस्वलाचा पंजा’ आणि ‘मैत्रीचा हात’ पुनः एका पानावर आले.

दस्तऐवजांचा हा आग्रह किती अवघड असतो, तें १९९९ नंतर कळून आलें. ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ या पुस्तकानें सांगितलें कीं, गुलामगिरींतून पळणाऱ्या निग्रो लोकांना गोधड्यांवरील आकृतींतून गुप्त खुणा दिल्या जात. आधार एका चार्ल्स्टनच्या गोधडी-विक्रेत्या बाईनें सांगितलेल्या घराण्यांतल्या कथेचा. पुस्तक अफाट खपलें, शाळांत धडे लागले. संशोधकांनीं तपासलें तर पळून गेलेल्या माणसांच्या आत्मवृत्तांत वा मुलाखतींत या खुणांचा उल्लेख मिळेना. परंतु ज्या समाजाचे कागदच कोणीं होऊं दिले नाहींत, त्याच्याकडे कागदाचा पुरावा मागणें न्यायाचें काय, असा उलट प्रश्न आला, आणि तोही सहज बाजूस सारण्यासारखा नाहीं. कित्येक मंडळांच्या कपाटांत तें पुस्तक आणि त्याचें खंडन हीं दोन्हीं शेजारीं उभीं असतात.

त्या प्रश्नाला निदान एका बाबतींत उत्तर मिळालें. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियांत १८३७ सालीं गुलामगिरींत जन्मलेली बाई. तिची बायबलांतील प्रसंगांची गोधडी १८८६ सालीं अथेन्स गांवच्या जत्रेंत जेनी स्मिथ नांवाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनें पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सनें नकार दिला. पांच वर्षांनीं घरची ओढाताण झाली, तेव्हां तीच दहा डॉलरला देऊं करीत आली; तिला पांच मिळाले. जातांना तिनें अकरा चौकोनांपैकीं प्रत्येकाचा अर्थ सांगितला, तो स्मिथबाईंनीं लिहून घेतला, आणि पुढेंही ती आपली गोधडी पाहण्यास त्यांच्याकडे जात असे. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत आहे, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयांत. पॉवर्स निरक्षर होती, असें पुस्तकांनीं दीर्घकाळ लिहिलें. २००९ सालीं काय्रा हिक्स यांनीं आपल्या पुस्तकांत तिच्या एका पत्राचा मजकूर छापला. तें १८९६ सालीं आयोवांतील एका बाईंना लिहिलेलें होतें. आपण वाचावयास कसें शिकलों, बायबल कसें वाचलें, हें तिनें त्यांत कळविलें आहे, आणि आपण केलेल्या गोधड्यांचा हिशेबही दिला आहे. त्यांत ज्यांची कोणाला कल्पनाही नव्हती अशा गोधड्या आहेत. त्या अद्याप कोठें सांपडलेल्या नाहींत.