भाग: डालड्याच्या डब्यातलं व्हिटॅमिन



मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं व्हिटॅमिन डी 11 आलं. 20 च्या खाली म्हणजे कमतरता. मी नांदेडचा, अकरावी-बारावी लातूरला केलेली. म्हणजे आयुष्यभर मराठवाड्याचं ऊन खाल्लेला माणूस! पण पुण्यात आल्यापासून सकाळी कॅब, दिवसभर एसी, रात्री घर. ऊन लागणार कधी?

डॉक्टर म्हणाले, "गोळी रिकाम्या पोटी नको, जेवल्यावर घ्या." का बरं? शोधत गेलो आणि थेट आजीच्या डालड्याच्या डब्यापाशी पोचलो.

ए, डी, ई आणि के ही चार व्हिटॅमिन्स पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतात. जेवणात थोडी चरबी असली की ती आतड्यातून नीट शोषली जातात. मग यकृतात आणि चरबीत साठून राहतात. थोडक्यात, स्निग्ध पदार्थ ही त्यांची गाडी. गाडी बदलली की प्रवासी मागे राहतात. आजची गोष्ट हीच आहे.

1913 साली अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग केले. लोणी दिलं की उंदीर वाढायचे, ऑलिव्ह तेल दिलं की वाढ थांबायची. लोण्यात असं काय होतं? त्यालाच पुढे व्हिटॅमिन ए म्हणू लागले.

मग पहिलं महायुद्ध आलं. डेन्मार्कचं लोणी चढ्या भावानं परदेशी जायचं आणि गरिबाघरी उरायचं साय काढलेलं दूध अन् मार्गारिन. ब्लॉख नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं, लहान मुलांचे डोळे कोरडे पडतायत, काहींची दृष्टी जातेय. दूधदुभत्याच्या देशात! पुढे निर्यात अडली, लोणी रेशनवर घरोघरी मिळू लागलं आणि रुग्ण दिसेनासे झाले.

हे ऐकून मला आपलीच गावं आठवली. ज्या घरात म्हैस, तिथलं तूप बाजारात आणि पोरांच्या ताटात ताक. हिशेब तोच.

आपल्याकडे 1937 मध्ये डालडा आला. वनस्पती तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, की झालं 'तूप'. दिसायला तुपासारखं, खिशाला परवडणारं. आजी सांगायची, लग्नाच्या पंगतीत डालडा म्हणजे थाट. डबा रिकामा झाला की त्यात तुळस. लातुरात तर सहकारी तत्त्वावरचा वनस्पती तुपाचा कारखानाच होता. लोक त्याला सरळ 'डालडा फॅक्टरी' म्हणायचे.

पण शेंगदाण्याच्या तेलात मुळात व्हिटॅमिन ए नसतंच. तूप गेलं, डालडा आला, गाडी रिकामी! म्हणून 1953 पासून सरकारनं सक्ती केली: वनस्पतीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 25 युनिट व्हिटॅमिन ए घालायचं. तरी रातांधळेपणा हटला नाही, कारण डालडा विकत घेणंही सगळ्यांना कुठे जमत होतं? मग 1970 मध्ये लहान मुलांना व्हिटॅमिन ए चा डोस पाजायचा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत चमच्यानं पाजतात ते पिवळसर औषध आठवतंय? तेच. आजही नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस असतात.

पुढे कळलं की या घट्ट तुपातलं ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहे. जानेवारी 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. एका हातानं व्हिटॅमिन दिलं, दुसऱ्या हातानं दुखणं.

आता घरी जाल तेव्हा तेलाची पिशवी उलटून बघा. निळं 'प्लस एफ' चिन्ह दिसलं तर त्यात ए आणि डी मिसळलेलं आहे. आपल्या भागातल्या करडई-सूर्यफुलात ई मुळातच भरपूर असतं. के साठी पालेभाज्या, पण फोडणी देऊन.

आणि एक, मित्राचं बघून डी च्या 60 हजारवाल्या गोळ्या खाऊ नका. ही व्हिटॅमिन्स साठतात, जास्तीची लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. आधी रिपोर्ट, मग डॉक्टर, मग गोळी.

तुमच्या घरी डालड्याचा जुना डबा अजून आहे का? त्यात काय लावलंय? फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर थोडं उन्हात जा!