तेरहून चौलला

तेरणा पूर्वेला वाहते. तेरखेड्याकडून निघते, तेरवरून खाली येते, आमच्या माकणीला धरणात अडते आणि पुढं निलंग्याच्या बाजूला औराद शहाजानीजवळ मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. आमच्या पाण्यानं अरबी समुद्र कधी पाहिला नाही. माल मात्र पश्चिमेला गेला. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठचं कापड गाड्यांवर लादून पश्चिम किनाऱ्याला जात होतं आणि तिथून जहाजानं तांबड्या समुद्राकडं. आमच्या भिशीतल्या बायकांची यंदा समुद्रावर जायची टूम निघाली, तेव्हा मी हे त्यांच्यापुढं मांडलं. त्यांना आधी गाडीभाडं ऐकायचं होतं.

टूम निघाली जपानवरून. भिशीतल्या एकीची नात पुण्याला कंपनीत आहे. कामासाठी टोकियोला गेली आणि सुटीच्या दिवशी मैत्रिणींना घेऊन कामाकुराला फिरून आली. समुद्राकाठचं जुनं गाव, बाराव्या शतकाच्या अखेरीपासून दीडएकशे वर्षं शोगुनांच्या कारभाराचं ठिकाण. तेराव्या शतकातला ब्राँझचा मोठा बुद्ध तिथं उघड्यावर बसलाय; त्याच्यावरचं देऊळ पंधराव्या शतकाच्या शेवटी समुद्राच्या लाटेनं नेलं असं सांगतात. फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरले. फोटोत पोरी एकट्याच, बरोबर कुणाचा नवरा नाही की भाऊ नाही. आमच्या बायकांनी बुद्धाआधी तेच पाहिलं. "बाई, आपल्याकडं असं गाव कुठं?" मी म्हटलं, चौल. तोंडं बघण्यासारखी झाली. त्यांच्या डोक्यात गणपतीपुळे होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला, म्हणून चौल सुचलं असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण चौलचा आणि आमचा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं बंदरांची एक माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात आहे की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथून साधं कापड पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. गाड्या धड रस्ता नसलेल्या मुलखातून येतात. किनाऱ्याकडचा मालही तगरला जमा होतो. हे तगर कुठलं यावर विद्वानांचा बराच घोळ झाला. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी आमच्या शेजारचं धारूर. 1901 साली फ्लीट या इंग्रज लिपितज्ज्ञानं तेरकडं बोट दाखवलं. पुढं 1958 मध्ये चापेकरांनी तेरला उत्खनन केलं.

आता खोड काढायचीच तर, त्या ग्रीकाच्या लिहिण्यात तगरचा माल भडोचला जातो, चौलला नाही. पण तोच पुढं सांगतो की कल्याणचं बंदर त्या वेळी राजकारणानं अडलं होतं. तिथं चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. कल्याणनंतरच्या बाजारबंदरांत तो पहिलं नाव सेमुल्लाचं घेतो. ते चौल. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलाचा एक दाता आहे, तोही इथलाच. बोरघाटाच्या तोंडाशी कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी उगीच झालेली नाहीत. घाटावरचा माल जिथून उतरे तिथंच देणारेही भेटत. कार्ल्याच्या खांबांवर तर यवनांचीही नावं आहेत.

पुढची साक्ष राजांची आहे. कोकणात राज्य करणारे शिलाहार ताम्रपटांत स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घेतात. राहायचे समुद्राकाठी, मिरवायचे तेरचं नाव. अरब प्रवासी मसूदी 916 च्या सुमारास चौलला आला तेव्हा गादीवर झंझ हा शिलाहारच होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले मिळून दहा हजारांवर मुसलमान त्या बंदरात नांदत होते, असं मसूदी लिहितो. दहाव्या शतकात! आमच्या लोहारा तालुक्यातल्या किती गावांची वस्ती आज दहा हजार आहे?

मला स्वतःला आवडतो तो रशियाचा अफनासी निकितीन. त्वेर गावचा हा व्यापारी 1469 च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. लोक बघायला गोळा होत, गोऱ्या माणसाचं नवल. घोडा चांगल्या भावानं विकायचा होता. पण जुन्नरला तिथल्या खानानं घोडा ओढून घेतला आणि धर्म बदल म्हणून गळ्याशी आला; एका खुरासाणी माणसानं रदबदली केली तेव्हा सुटला. पावसाळा जुन्नरला काढून तो बीदरला गेला. बीदर म्हणजे आमच्या उमरग्याहून हैदराबाद रस्त्याला लागायचं आणि हुमनाबादला वळायचं. आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावानं भरणारा घोड्यांचा बाजारही त्यानं लिहून ठेवलाय. आळंद उमरग्याच्या पलीकडं. चौलच्या वाळूवर पाय ठेवलेला रशियन आमच्या अंगणाजवळून गेला, आणि वर्गात पोरांना मी वास्को द गामा शिकवत बसले, कारण पुस्तकात तोच होता. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे. ते मी यादीत सगळ्यांत वर लिहिलंय.

पोर्तुगीजांचं थोडक्यात सांगते. 1508 साली चौलच्या खाडीत त्यांचा लोरेन्सो द अल्मेइदा इजिप्तच्या आरमाराशी लढताना मेला. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीनं त्यांनी खालच्या चौलला, म्हणजे रेवदंड्याला, कोट बांधायला घेतला. 1740 मध्ये तो मराठ्यांकडं आला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, सातखणी मनोऱ्याचे काही खण उभे आहेत. खाडीपलीकडं कोर्लईत थोडी घरं अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची आपली बोली बोलतात. रेवदंड्यात बेने इस्रायलांचं सिनेगॉगही आहे.

राजे झाले, व्यापारी झाले, घोडे झाले. आमच्यातली शिवणकाम करणारी म्हणाली, "बाई, ते कापड कुणी कातलं?"

याचं उत्तर तेरच्या मातीत नावानिशी मिळत नाही. पण त्या काळी कातण कुणाकडं होतं ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतं. सूत खात्याच्या अधिकाऱ्यानं विधवा, अपंग बायका, पोरी, नवरा परगावी गेलेल्या बायका यांच्याकडून सूत कातून घ्यावं. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडं दासीमार्फत काम पोचवावं. ज्या स्वतः सूत घेऊन येतील त्यांनी पहाटे यावं. दिवा असावा तो सूत तपासण्यापुरता. बाईच्या तोंडाकडं पाहिलं किंवा दुसरं काही बोललं तर अधिकाऱ्याला दंड. हे पुस्तक तेरबद्दल नाही, हे मी वर्गातल्यासारखं बजावून सांगितलं. पण तगरची मलमल पुरुषांनी कातली असेल यावर माझा विश्वास नाही. सूत समुद्रापार गेलं, कातणारी उंबऱ्यात राहिली. गाड्यांचे मुक्काम मोजणाऱ्या त्या ग्रीकाला टकळीवरचा हात मोजायचं काही कारण नव्हतं.

या नदीकाठची एक बाई मात्र लांब गेली असावी, तीही हस्तिदंताची. पोम्पेईच्या राखेत 1938 साली हातभर उंचीचीही नसलेली एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती राख इसवी सन 79 ची, म्हणजे बाई त्याच्या आधीच तिथं पोचलेली. अंगावर दागिने भरगच्च, दोन बाजूंना दोन लहान दासी. तशीच हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली, तशाच धाटणीचं काम भोकरदनलाही. त्यावरून पोम्पेईची बाई आपल्या मुलखातली असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तेरची मूर्ती जपली ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात. गावातल्या माणसानं पांढरीच्या मातीतून एकेक वस्तू वेचून जमवली. सरकारी संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. तिथल्या शंखाच्या बांगड्या बघाव्यात. कापड खाली गेलं आणि समुद्र बांगड्या होऊन वर आला.

आमच्या भागातल्या बायका कधी बाहेर पडल्याच नाहीत असं नाही. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला, नवरात्रात तुळजापूरला, आषाढीला पंढरपूरला, झालंच तर अक्कलकोट, गाणगापूर. देवाचं नाव घेतलं की सासूही पिशवी भरून देई. नुसतं बघायला जाते म्हटलं की तिचेच प्रश्न सुरू. यात बदल झाला तो भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारी-सास्तूरचा हा पट्टा खाली बसला. पुढं घरदुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. सिमेंटचा हिशेब, इंजिनिअरशी बोलणं, दुसऱ्या गावाला बैठक. आमची अंगणवाडीताई त्यातलीच. रात्री एसटीनं एकटी परतणारी बाई गावानं तेव्हा पाहिली आणि हळूहळू पाहायची सवय झाली. आमच्या गटाची मुळं तिथं आहेत, भिशी नंतरची.

तरी देवाचं नाव अजून लागतंच. चौलला डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, मार्गशीर्ष पौर्णिमेला जत्रा भरते. किराणा दुकानवालीनं हे ऐकलं आणि तारीख तिथंच ठरवली. दत्तजयंतीला म्हणून निघायचं, घरात कुणी अडवत नाही. सोयाबीनचे पैसे तोवर हातात येतात, ज्वारी वर आलेली असते, आणि येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, पंधरा दिवस पुढं. येळवस चुकवून कुणी येणार नाही. भज्जी आणि आंबील सोडून समुद्र कुणाला हवाय? माझं म्हणणं पडलं, जत्रेत खोल्या मिळणार नाहीत. मग जत्रा पांगल्यावर दोन दिवसांनी पोचायचं ठरलं. घरी दत्तजयंतीच सांगायची.

एसटीनं गेलो तर 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. पण सोलापूर, पुणे, अलिबाग अशा गाड्या बदलत गुडघेदुखीवाल्या येणार नाहीत, म्हणून ट्रॅव्हलर ठरली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरून. माळकरी आत्या मासळीच्या वासानंच उठून जातील, म्हणून उतरायचं एका वाडीतल्या शाकाहारी खानावळीत. दोघीजणी मात्र आतापासून सुरमईचा भाव विचारतात. त्यांची सोय त्यांनी बाहेर करायची. मुरूड-जंजिरा धरायचा की कोर्लई, यावर अजून मतं फुटलेली आहेत. मी कोर्लईच्या बाजूची. जंजिऱ्याला होडीसाठी रांगेत उभं राहण्यात दिवस जाईल.

राहता राहिला रस्ता. नळदुर्गवरून सोलापूर गाठणं सरळ पडतं. मी म्हणते, आधी तेर, मग बार्शी, टेंभुर्णी, पुणे, कार्ल्याची एकवीरा आणि मग घाट उतरून चौल. आधी ती हस्तिदंती बाई बघायची आणि मग समुद्र. ट्रॅव्हलरवाला म्हणतो, तेरवरून फेरा पडतो, भाडं वाढेल. म्हटलं, वाढू दे, वरचे पैसे मी भरते. माळकरी आत्यांनी तोवर कमरेची पिशवी सोडली होती. "तेरला गोरोबाकाकांचं दर्शन होणार असेल, तर त्यातले निम्मे माझे."