जपानी गुणवत्ता-विचार आणि साकीनाक्याचा औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अंधेरी-कुर्ला मार्ग आणि साकी-विहार मार्ग जेथे मिळतात ते साकीनाका मुंबई उपनगरातील लघुउद्योगांचे एक जुने केंद्र होय. साकी-विहार मार्गाने पुढे गेल्यास पवई येथे लार्सन अँड टुब्रोने १९४८ मध्ये घेतलेल्या ५५ एकर जमिनीवर उभा राहिलेला कारखाना लागतो, तर विहार तलावानजीक १९६३ मध्ये स्थापन झालेली ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था (२०२३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई) आहे. दुसऱ्या बाजूस खैरानी रोडवर लहान कारखान्यांची दाटी आहे. जपानी गुणवत्ता-विचार या पट्ट्यात कोठवर पोहोचला व कोठे थांबला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जपानमधील जडणघडण

गुणवत्तेच्या सांख्यिकी नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट हे १९४७-४८ मध्ये प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. एडवर्ड्स डेमिंग यांची जपानमधील प्रसिद्ध व्याख्याने १९५० ची आहेत. म्हणजे तंत्राच्या परिचयात भारत मागे नव्हता. फरक पडला तो पुढील वाटचालीत. जपानमध्ये १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. १९५४ मध्ये जोसेफ जुरान यांनी गुणवत्ता ही प्रथम व्यवस्थापनाची जबाबदारी असल्याचे तेथील उद्योजकांना पटवून दिले. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने गुणवत्ता मंडळे स्थापन होऊ लागली. कामगारांचा छोटा गट साध्या आलेखांच्या साहाय्याने स्वतःच्याच कामातील दोष शोधू लागला आणि अभियंत्याचे शास्त्र कामगाराच्या हाती आले.

यामागे मोठ्या कंपन्यांतील दीर्घकालीन नोकरीची हमी होती. ही हमी जपानी संस्कृतीची उपजत देणगी होती, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९५० मध्ये टोयोटा कंपनीत कामगार-कपातीवरून तीव्र संघर्ष झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना पद सोडावे लागले. अशा संघर्षांतूनच मालक व कामगार यांच्यातील पुढील तडजोड आकारास आली. तथापि तिचा लाभ तेथेही प्रामुख्याने मोठ्या उद्योगांतील कायम कामगारांपुरताच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

भारतातील आगमन

१९५६ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली भारतीय उत्पादकता शिष्टमंडळ जपानला गेले आणि त्यानंतर १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९८० च्या सुमारास हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यात गुणवत्ता मंडळे सुरू झाली. १९८२ मध्ये त्यांचा राष्ट्रीय मंचही निर्माण झाला. सुझुकीच्या सहकार्याने तयार झालेली मारुती मोटार १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आली आणि जपानी कार्यपद्धती चर्चेचा विषय बनली.

मात्र त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला. संपानंतरच्या काळात कायम नोकरीचा पाया खचत गेला आणि बरेचसे काम लहान कारखाने व कंत्राटदार यांच्याकडे वळले. कामगाराच्या सहभागावर उभा असलेला विचार मुंबईत आला तो नेमका कामगाराचे स्थैर्य ढासळत असताना.

कांदिवली आणि खैरानी रोड

मोठ्या उद्योगांत या विचाराला यश आले. कांदिवली व नागपूर येथे ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्रच्या कृषी-अवजारे विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारी ती जगातील पहिली ट्रॅक्टर कंपनी ठरली. २००७ मध्ये त्याच विभागाला जपान गुणवत्ता पदकही लाभले.

खैरानी रोडवर चित्र निराळे दिसते. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे येथील एका फरसाणाच्या दुकानवजा कारखान्यास आग लागून तेथेच झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त ही ‘पाच एस’ची सूत्रे भिंतीवर लावणे सोपे असते; परंतु जेथे कामाची जागा हीच निवाऱ्याची जागा असते, तेथे मांडणी हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. लघुउद्योगांसाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘झेड’ ही शून्य दोषाची प्रमाणन योजना आणली. तथापि प्रमाणपत्र कारखान्याला मिळते. कामगार उद्या तेथे असेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

निष्कर्ष

साकीनाक्याच्या परिसरात जपानी विचारातील तंत्र आले, ते शिकवणारी संस्थाही आली. त्यामागील सामाजिक करार मात्र लहान कारखान्यांपर्यंत पोहोचला नाही. दोष दाखवणाऱ्या कामगाराला आपले काम टिकेल याची खात्री हवी, कारण ती नसेल तर तो दोष दाखवण्याऐवजी झाकणेच पसंत करील. म्हणून लघुउद्योगांतील गुणवत्तेचा प्रश्न हा मूलतः कामगाराच्या सुरक्षिततेचा व स्थैर्याचा प्रश्न आहे, असे म्हणावे लागते.