मंडाले बघायचं तर आधी रत्नागिरी बघावी

अंतरवाली सराटीत बसून ब्रह्मदेशातल्या शहराच्या गप्पा कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. पण ब्रह्मदेश आपल्याला वाटतो तितका लांब नाही. तिकडून तूर येणार असं कानावर आलं की इथल्या शेतकऱ्याला आपल्या तुरीच्या भावाची धाकधूक लागते. आणि जुन्या वाड्याच्या खांबावर हात ठेवून म्हातारी माणसं अजून सांगतात, "हे अस्सल बर्मा टीक आहे बरं का." म्हणजे ब्रह्मदेश आपल्या बाजारात आहे, घरात आहे. आज आपण तिथल्या मंडाले शहरात जाऊ. प्रवासी म्हणून जाऊ, पण जरा वेगळ्या वाटेनं.

शहर तसं फार जुनं नाही. मिंडॉन राजानं १८५७ साली ते वसवायला घेतलं. आपल्याकडे उठाव पेटला, तेच वर्ष. इरावती नदीच्या काठी, कोरड्या पट्ट्यात. उन्हाळा आपल्या मराठवाड्यासारखाच भाजून काढणारा. मधोमध राजवाड्याचा चौरस कोट. एकेक बाजू सुमारे २ किलोमीटर, १२ दरवाजे, भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक. आत सगळा राजवाडा सागवानी लाकडाचा.

आता हे सागवानच राजाच्या मुळावर कसं आलं ते बघा. मिंडॉननंतर थिबा गादीवर आला. तिथल्या जंगलात लाकूडतोडीचा मक्ता होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे. ही कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईत निघालेली. ओंडके जास्त नेले आणि पैसे कमी भरले, असा ठपका ठेवून राजाच्या दरबारानं तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. फ्रेंच ब्रह्मदेशात शिरतील ही धास्ती त्यांना आधीपासून होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौज इरावतीतून वर चढली आणि जेमतेम दोन आठवड्यांत खेळ संपला. थिबा आणि राणी सुपयालत यांना साध्या बैलगाडीतून नदीवर नेलं आणि आगबोटीत बसवलं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली. राजवाड्याच्या कोटाला इंग्रजांनी नाव दिलं फोर्ट डफरिन. आणि राजाला नेऊन ठेवलं कुठे? रंगून, मद्रास करत करत, १८८६ साली आपल्या रत्नागिरीत.

यात एक हिशेब होता. १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं, आणि १८६२ साली तो तिथेच वारला. राजा मारला की त्याचा हुतात्मा होतो. त्यापेक्षा त्याला अशा गावी ठेवायचं जिथे त्याची भाषा कुणाला येत नाही आणि त्याच्या नावानं कुणी उभं राहत नाही. तिथे अंतरच तुरुंगाच्या भिंतीचं काम करतं.

आता गंमत म्हणा किंवा दैवाची थट्टा म्हणा. त्याच रत्नागिरीच्या मातीत १८५६ साली एक मूल जन्मलं होतं, बाळ गंगाधर टिळक. मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त लिहिलेल्या अग्रलेखांसाठी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलै १९०८ ला ६ वर्षांची शिक्षा झाली. आधी साबरमती, मग बोटीनं रंगून आणि पुढे मंडाले. थिबाच्या कोटाच्या आत इंग्रजांनी तुरुंग थाटला होता, तिथे. म्हणजे १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत.

टिळकांची खोली लाकडी गजांची होती, अगदी पिंजऱ्यासारखी. ऊन, थंडी, धूळ, सगळं आरपार आत यायचं. पुढे १९२५ साली सुभाषचंद्र बोस त्याच तुरुंगात आले. या हवेत इतकी वर्षं काढून टिळकांनी एवढं काम केलं कसं, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य'चा मसुदा पेन्सिलीनं लिहून काढला. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर १९१० मध्ये, थिबा रत्नागिरीत सरकारनं बांधलेल्या नव्या वाड्यात राहायला गेला. आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, तोच. आणि १९१२ हे वर्ष दोघांनाही वाईट गेलं. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगात कळली. थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत वारली.

दोघांना एकाच तराजूत तोलू नका हं. थिबाच्या राज्यारोहणानंतर राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली होती, तो डाग पुसता येत नाही. टिळकांनी नुसतं लिहिलं म्हणून ते आत गेले. शिवाय थिबाला भत्ता होता, वाडा होता. पण घरापासून तोडल्याचं दुःख दोघांचंही खरंच होतं.

आता शहर बघू. कोटाच्या ईशान्येला मंडाले टेकडीच्या पायथ्याशी कुथोडॉ पॅगोडा आहे. मिंडॉननं तिथे सगळं त्रिपिटक संगमरवरी शिळांवर पाली भाषेत कोरून घेतलं. ७२९ शिळा आहेत, प्रत्येकीला स्वतःची छोटी घुमटी. त्याला जगातलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणतात. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांची चर्चा केली आहे. एवढा मोठा ग्रंथ एवढ्या जवळ होता, पण कैद्याला तो बघायला कोण सोडणार?

राजवाडा मात्र आज जो दिसतो तो जुना नव्हे. मार्च १९४५ मध्ये जपान्यांकडून कोट परत घेताना मूळ राजवाडा जळून गेला. आणि तो कोट घेणारं दळण होतं १९ वी इंडियन डिव्हिजन, म्हणजे त्यात आपलेच जवान. आताचा राजवाडा १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे. मूळ लाकूडकाम बघायचं तर श्वेनंडॉ मठात जायचं. मिंडॉन ज्या दालनात वारला ते थिबानं उचलून कोटाबाहेर नेलं आणि मठाला दिलं, म्हणून ते वाचलं. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात कोटाच्या भिंतीही जागोजागी ढासळल्या. त्यात २०२१ च्या लष्करी उठावानंतर देशात लढाई चालू आहे. आज तिथे जाणं सोपं नाही.

मग काय करायचं? मी म्हणतो, आधी रत्नागिरीला जा. आपण थिबा पॅलेसला जातो, फोटो काढतो, गाडी पुढे गणपतीपुळ्याला. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्याची समाधी त्याच गावात आहे, पण तिथे किती जण जातात? राणी १९१९ साली रंगूनला परतली. पण थिबाची एक नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत जगली, गरिबीत जगली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की हे नुसतं सहलीचं ठिकाण नाही, कुणाच्या तरी राजाची शेवटची जागा आहे.

मंडालेला गेलेला मराठी माणूस विचारतो, "आमच्या टिळकांची खोली कुठे आहे?" तिथल्या माणसानं ती आपुलकीनं सांगावी असं आपल्याला वाटतं. तर मग त्यांच्याकडचा कुणी रत्नागिरीत उतरून "आमच्या राजाची समाधी कुठे?" असं विचारेल, तेव्हा आपल्याला ती माहीत असायला नको का? आणि तिथे झाडलोट झालेली असायला नको का? आपली आठवण दुसऱ्यानं जपावी असं वाटत असेल, तर त्याची आपल्या दारात पडलेली आठवण आधी आपण जपली पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या सागवानी खांबाला हात लावाल, तेव्हा ती बैलगाडी आठवा. आणि कोकणात गेलात तर वाडा बघून झाल्यावर पाच मिनिटं समाधीवर जाऊन या. मंडालेचा प्रवास तिथूनच सुरू होतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.