आवडत्या गाण्यांचा ग्रंथ : इंग्रजीतील एका लेखनप्रकाराची घडण

एखाद्याने आपल्याला आवडणारी गाणी निवडावी, त्यांचा क्रम लावावा आणि प्रत्येकावर चार पाने लिहून त्यांचा ग्रंथ करावा, ही गोष्ट वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी वाटत नाही. आवड ही खासगी बाब होय. तिला पुरावा लागत नाही, आणि तिचे खंडनही करता येत नाही. तथापि इंग्रजी पॉप आणि रॉक संगीताविषयी गेल्या साठ वर्षांत जे लेखन झाले, त्यातील बराच टिकाऊ भाग नेमका याच स्वरूपाचा आहे. त्यामुळे या संगीताचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला विक्रीचे आकडे आणि कंपन्यांचे करार यांच्या जोडीने या निवडींकडेही वळावे लागते. मग प्रश्न उभा राहतो तो असा : 'हे गाणे मला आवडते' हे विधान कोणत्या अर्थाने इतिहासाचे साधन ठरते?

या ग्रंथांतील 'गाणे' म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. ते कागदावरील कवन नव्हे आणि स्वरलिपीत उतरविलेली चालही नव्हे; ती एक विशिष्ट ध्वनिमुद्रिका असते. एका गायकाने एका दिवशी, एका खोलीत, काही ठरावीक वादकांसह जे गायिले, तेच काय ते गाणे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत, आणि १९४९ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी बाजारात आणली तेव्हाही हा संक्षेप कायम राहिला. तबकडी ही वस्तू असल्यामुळे ती मोजता येऊ लागली. १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने खपावर आधारलेली बारा स्थानांची पहिली यादी छापली. १९५८ च्या ऑगस्टात अमेरिकेत 'बिलबोर्ड'ची शंभर गाण्यांची यादी सुरू झाली. आवडीचे सार्वजनिक मोजमाप असे आधी अस्तित्वात आले, आणि खासगी याद्या पुढे त्याच्याशी वाद घालीत जन्माला आल्या.

या वादाला एक सौम्य पूर्वपीठिका आहे. बी.बी.सी.च्या नभोवाणीवर रॉय प्लॉम्ली याने जानेवारी १९४२ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम सुरू केला. निर्जन बेटावर एकटे अडकल्यास कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका जवळ ठेवाल, असे त्यात पाहुण्यास विचारीत. कल्पना खेळकर असली तरी तिने एक महत्त्वाची गोष्ट रूढ केली. निवडलेल्या गाण्यांच्या आधारे माणसाने आपले आयुष्य सांगावे आणि श्रोत्यांनी ते ऐकून घ्यावे, हा तो संकेत होय. पुढील अनेक ग्रंथ या संकेताचे ऋणी आहेत.

रॉक संगीताविषयी गंभीर लेखन १९६६ पासून सुरू झाले असे मानण्यास हरकत नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत स्वॉर्थमोर महाविद्यालयातील पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'क्रॉडॅडी' हे चक्रमुद्रित पत्रक काढले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'रोलिंग स्टोन' निघाले. १९६८ मध्ये 'न्यू यॉर्कर'सारख्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने एलन विलिस हिला रॉकविषयक स्तंभ दिला. १९६९ या एकाच वर्षी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली आणि त्यांनी दोन विरुद्ध वाटा दाखविल्या. रिचर्ड गोल्डस्टीन याने 'द पोएट्री ऑफ रॉक' या संग्रहात गीतांचे शब्द कवितेप्रमाणे छापले. निक कोन या बावीस वर्षांच्या इंग्रज लेखकाने आपल्या पॉपच्या इतिहासात नेमकी उलट भूमिका घेतली. त्याच्या मते गाण्याचे खरे सामर्थ्य अर्थात नसून आवाजात होते, आणि हे संगीत जसजसे गंभीर होऊ लागले तसतशी त्याची ऊब गेली. या ग्रंथास पुढे जे नाव मिळाले तेही लिटल रिचर्डच्या एका गाण्यातील निरर्थक अक्षरांचे होते. भाषाभ्यासकास हा तपशील क्षुल्लक वाटू नये. तराण्यातील अक्षरांना ज्याने अर्थ विचारला नाही, त्याला कोनचे म्हणणे सहज समजेल. छापील पानावर गीताचे शब्द तेवढे उरतात, आणि एवढ्यावरून गाणे कळले असा समज होतो. गोल्डस्टीनच्या मार्गातील खरा धोका हा होता.

यानंतरच्या दोन दशकांत निवड हीच ग्रंथाची रचना बनली. ग्रील मार्कस याने १९७९ मध्ये 'स्ट्रँडेड' या संग्रहासाठी समीक्षकांना प्लॉम्लीचाच प्रश्न विचारला. फरक इतकाच की आठांऐवजी एकच आल्बम निवडावयाचा होता. लेस्टर बँग्ज याने व्हॅन मॉरिसनच्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स'वर त्यात जे लिहिले ते आजही आवर्जून वाचले जाते. येथे एकक आल्बमचे होते, हे ध्यानात घ्यावे. साठीच्या दशकाच्या मध्यापासून एका सूत्रात गुंफलेल्या दीर्घ तबकडीस प्रतिष्ठा मिळाली होती आणि सुटे गाणे हलके मानले जाऊ लागले होते. डेव्ह मार्श याने १९८९ मध्ये 'द हार्ट ऑफ रॉक अँड सोल' हा ग्रंथ लिहिला तो या प्रतिष्ठेविरुद्ध. त्याने १००१ सुटी गाणी क्रमवार लावली आणि पहिले स्थान मार्व्हिन गे याच्या 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन'ला दिले. ही निवड तात्त्विक होती. एकेकटे गाणे हे रेडिओवर, रस्त्यावर, सर्वांच्या कानी पडणारे. त्याला प्राधान्य देणे म्हणजे कृष्णवर्णीय गायकांना आणि नृत्यसंगीताला इतिहासात त्यांचे स्थान परत देणे होय. मार्शच्या क्रमातील सातशे त्रेपन्नावे गाणे सातशे चोपन्नाव्याहून सरस का, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही; परंतु पहिल्या पन्नासांत कोण आहे, हे मात्र त्याचे प्रतिपादनच आहे.

इयन मॅकडोनल्ड याचा १९९४ चा 'रेव्होल्यूशन इन द हेड' हा ग्रंथ केवळ बीटल्सच्या गाण्यांपुरता मर्यादित असून ध्वनिमुद्रणाच्या कालक्रमाने लिहिलेला आहे. निवडीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, कारण सर्वच गाणी घेतलेली आहेत. असे असूनही लेखकाचे आवडनिवडीचे निवाडे इतके कठोर आहेत की कालक्रमाच्या तटस्थ चौकटीत एक अतिशय व्यक्तिनिष्ठ पुस्तक दडलेले आहे.

या लेखनप्रकारास सर्वांत मोकळे रूप दिले ते निक हॉर्नबी या इंग्रज कादंबरीकाराने. त्याच्या १९९५ च्या 'हाय फिडेलिटी' या कादंबरीचा नायक ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवितो, सतत पहिल्या पाचांच्या याद्या करतो, आणि कॅसेटवर निवडक गाणी उतरवून ती दुसऱ्याला देण्याची कला गांभीर्याने घेतो. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ मध्ये आली आणि तिच्यामुळे सामान्य श्रोता प्रथमच संपादक झाला. २००३ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झालेला हॉर्नबीचा '३१ साँग्ज' हा ग्रंथ या कॅसेटचेच ग्रंथरूप म्हटला पाहिजे. अमेरिकन आवृत्तीसोबत तर काही गाण्यांची तबकडीच जोडलेली होती. योगायोग असा की त्याच वर्षी अ‍ॅपल कंपनीने एकेक गाणे सुटे विकणारे आयट्यून्सचे दुकान उघडले, आणि आल्बमच्या बंधनातून गाणे पुन्हा मोकळे झाले.

हॉर्नबीची यादी सर्वोत्तमांची नाही. तीत ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'थंडर रोड' आहे, जे त्याने स्वतःच्याच अंदाजाने दीड हजार वेळा ऐकले होते. आणि नेली फर्टाडोचे 'आय'म लाइक अ बर्ड' हे त्या काळी ताजे असलेले, थोड्याच दिवसांत शिळे होईल हे ठाऊक असलेले गाणेही आहे. डिलनची एक रचना रॉड स्टुअर्टच्या आवाजात घेतलेली आहे. ध्वनिमुद्रिका हेच गाणे, या वर सांगितलेल्या तत्त्वाचा हा नमुनाच होय. 'सुइसाइड' या जोडगोळीचे १९७७ मधील 'फ्रँकी टिअरड्रॉप' हे भयंकर गाणे तर आपल्याला पुन्हा ऐकावयाचे नाही हे सांगण्यासाठीच घेतलेले आहे. तरुणपणी कलेने हादरवून टाकावे असे वाटते, पण संसारात पडलेल्या माणसाला हादरे फुकट मिळत असतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. धक्का देणे हेच कलेचे मोठेपण, असे मानणाऱ्या समीक्षेला इतके साधे उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

ग्रंथाच्या आरंभी हॉर्नबीने एक विलक्षण सिद्धान्त मांडला आहे. एखाद्या गाण्याने एखादा प्रवास किंवा एखादी व्यक्तीच आठवत असेल, तर ते गाणे तुम्हाला फारसे आवडतच नसावे. कारण जे खरोखर आवडते ते आयुष्यभर ऐकले जाते, आणि वापराने त्याला चिकटलेली आठवण पुसून जाते. पॉप संगीत म्हणजे स्मरणरंजन, या रूढ समजाला हा नेमका छेद आहे. परंतु लेखकाला स्वतःला तो पाळता आलेला नाही. त्याच्या कादंबरीवरून निघालेल्या 'अबाउट अ बॉय' या २००२ च्या चित्रपटासाठी डेमन गॉफ याने 'अ मायनर इन्सिडेंट' हे गाणे रचले. ते कादंबरीतील आईने मुलाला लिहिलेल्या निरोपाच्या चिठ्ठीवर आधारलेले आहे. ते ऐकताना हॉर्नबीला आपली पात्रे आठवत नाहीत, स्वतःचा मुलगा आठवतो. ग्रंथातील हे सर्वांत हृद्य पान सिद्धान्ताच्या विरुद्ध साक्ष देते, आणि ग्रंथ त्यामुळेच खरा वाटतो.

मार्कसने २०१४ मध्ये रॉकचा इतिहास केवळ दहा गाण्यांतून सांगण्याचे धाडस केले. अपेक्षित अशी थोर नावे त्याने बुद्धिपुरस्सर बाजूस ठेवली आणि एकच गाणे निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या कंठांतून कसे बदलते यावर दृष्टी खिळविली. 'टू नो हिम इज टू लव्ह हिम' हे १९५८ चे साधे गाणे अर्धशतकानंतर एमी वाइनहाउसच्या आवाजात काय होते, हे त्याचे एक उदाहरण होय. बॉब डिलनचा 'द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग' २०२२ मध्ये आला. त्यात ६६ गाणी आहेत, पैकी स्टीफन फॉस्टरची एक रचना तर १८४९ ची आहे.

या ग्रंथांची सर्वनामे पाहण्यासारखी आहेत. हॉर्नबीचे लेखन प्रथम पुरुषी आहे. 'मी' दूर केला तर ग्रंथ उरत नाही. मॅकडोनल्ड स्वतःचे नाव न घेता निवाडे देतो, जणू ते गाण्याच्या घडणीतूनच निघाले आहेत. डिलन द्वितीय पुरुषाचा आश्रय घेतो : गाण्यातील नायकाच्या जागी तो वाचकालाच उभे करतो आणि तू असा आहेस, तुझे असे झाले, असे बजावीत जातो. याचे एक कारण गरजेतही शोधता येईल. गीतांच्या शब्दांचे हक्क संगीत प्रकाशकांकडे असतात, आणि चार ओळी उद्धृत करावयाच्या तरी परवानगी व मोबदला लागतो. म्हणून या लेखकांना बहुधा गाणे न देताच गाण्याविषयी लिहावे लागते. रोलां बार्थ याने १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशी तक्रार केली होती की संगीताविषयी बोलू लागताच भाषा तिच्या सर्वांत दुबळ्या घटकावर, म्हणजे विशेषणावर, येऊन थांबते. डिलनचा 'तू' हा विशेषण टाळण्याचा एक उपाय आहे. हॉर्नबीचा 'मी' हा दुसरा. आपल्याकडे हिंदी चित्रपटगीतांवर शिरीष कणेकर यांनी 'गाये चला जा' लिहिले. तेथेही वर्णनापेक्षा लेखकाची आसक्तीच वाचकाला गाण्यापर्यंत नेते.

आता साधन म्हणून या ग्रंथांचे मोल ठरवावयाचे तर त्यांतील अनुपस्थितीही वाचली पाहिजे. डिलनच्या ६६ गाण्यांत स्त्रियांनी गायिलेली अवघी चार आहेत, ही गोष्ट ग्रंथ येताच समीक्षकांनी दाखवून दिली. ही एका वृद्ध गायकाची लहर म्हणून सोडून देता येईल. पण हा लेखनप्रकार मुख्यतः पुरुषांनी घडविला, आणि एलन विलिससारखी लेखिका पायाशी उभी असूनही याद्या करण्याचा अधिकार बराच काळ त्यांच्याकडेच राहिला, हे विसरून चालणार नाही. समूहाच्या याद्या तरी याहून निःपक्षपाती असतात काय? 'रोलिंग स्टोन'ने २००४ मध्ये पाचशे सर्वश्रेष्ठ गाण्यांची यादी केली तेव्हा पहिले स्थान डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'ला मिळाले. २०२१ मध्ये मतदारवर्ग अधिक व्यापक करून यादी नव्याने केली, आणि तेच स्थान अरीथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'कडे गेले. पहिले गाणे १९६५ चे आणि दुसरे १९६७ चे. मधल्या सतरा वर्षांत दोन्ही ध्वनिमुद्रिकांत एका सुराचाही फरक पडलेला नव्हता; बदलले होते ते मत देणारे. समूहाच्या यादीत हा बदल सरासरीआड लपतो आणि तो शोधण्यासाठी मतदारांची नावे तपासावी लागतात. एकट्याच्या ग्रंथात मात्र मत देणारा पानोपानी समोर असतो : त्याचे वय, त्याचा देश, त्याने कोणाला वगळले आणि कोणापाशी तो रेंगाळला, हे सर्व त्याच्याच शब्दांत लिहिलेले सापडते.