कांदा, सातबारा आणि ते एकटे मत

सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक संसदेत मंजूर झाले, त्या आठवड्यात आमच्या भोपाळच्या महिला मंडळात पेढे वाटले. संवत्सरीचे पारणे नुकतेच झाले होते, सगळ्याजणी एकमेकींना क्षमापना करून मोकळ्या मनाने बसलेल्या. एकीने वर्तमानपत्रातून वाचून दाखवले की हेच विधेयक 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत 186 विरुद्ध 1 असे मंजूर झाले होते आणि पुढे लोकसभेत अडकले. "तो एक कोण गं?" असा प्रश्न आला. "असेल कोणीतरी, बायकांचं भलं न बघवणारा." सगळ्या हसल्या.

मी हसले नाही. तो एक म्हणजे स्वतंत्र भारत पक्षाचे शरद जोशी. त्यांचे नाव आमच्या माहेरी कांद्याबरोबर आले होते.

माझे माहेर नाशिक जिल्ह्यातले, चांदवडच्या बाजूचे. बाबूजींची आडत होती. कांदा आमच्या चुलीवर कधी चढला नाही, कंदमूळ म्हणून घरात आणायचीही बंदी, पण चूल पेटायची ती कांद्याच्याच पैशावर. लहानपणी याचे काही वाटत नसे. आता वाटते.

जोशी मूळचे शेतकरी नव्हेत. टपाल खात्यातली मोठी नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ती सोडून सत्तरच्या दशकात ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. घाटा का येतो याचा हिशोब मांडता मांडता 1979 च्या सुमारास शेतकरी संघटना उभी राहिली. छातीवर लाल बिल्ला, आणि मागणी एकच : भीक नको, घामाचे दाम द्या.

नोव्हेंबर 1980 मध्ये उसाच्या आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला. खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. आमच्याकडे दुकानाची फळी आठवडाभर लागलेली. बाबूजींना वाटे, हे लोक आता आपल्यावर येणार. पण संघटनेच्या सभेतून आलेला हमाल सांगू लागला, "शेठ, सायेब तुमास्नी चोर न्हाई म्हनत. सरकारला म्हनतो." जोशींचे म्हणणे तेच होते. कांद्याची निर्यात तेव्हा सरकारी संस्थेमार्फतच व्हायची. भाव चढला की दार बंद. शेतकरी मुद्दाम तोट्यात ठेवला जातो, व्यापारी हा त्यातला मधला माणूस. बाबूजींना हे ऐकून बरे वाटले, आणि मला वाटते जरा जास्तच बरे वाटले. मापात आणि तोलाईत मधल्या माणसाने काय काय केले, हे आपल्या घरांना माहीत आहे.

मग 1986 आले. 9 आणि 10 नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. नुसत्या बायकांचे, आणि आकडा लाखाच्या वर सांगतात. ज्या गावात अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे त्या गावात बाया ट्रकमधून, बैलगाडीतून, पायी आल्या. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, कडेवर पोर आणि फडक्यात भाकरी. माझी बाई (आम्ही आईला बाईच म्हणायचो) ओट्यावर गाळलेल्या पाण्याचे हंडे घेऊन बसली होती. एका म्हातारीने ओंजळीने पाणी प्यायले आणि वर दुकानाची पाटी बघून विचारले, "यात तुजं नाव कुठाय गं माय?" पाटीवर बाबूजींचे आणि काकांचे नाव होते. बाई म्हणाली, "आमच्यात नसतं." म्हातारी म्हणाली, "आमच्यात बी न्हाई. म्हून तर आलो."

त्या अधिवेशनात ठरले की जिल्हा परिषदा आणि पंचायतींच्या निवडणुकीत शंभर टक्के बायकांची पॅनेल उभी करायची. तीस टक्के नव्हे, तेहतीस नव्हे. निवडणुका लांबल्या, पण यवतमाळच्या मेटीखेड्यासारख्या काही गावांत सगळी ग्रामपंचायत बायकांची झाली. पंचायतीत बायकांना एकतृतीयांश जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती तेव्हा व्हायची होती.

त्यापुढचे काम मला त्याहून मोठे वाटते. 1989-90 च्या सुमारास जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर कुटुंबांत नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर केला, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. तिथे जोशी स्वतः जाणार. कायदा नाही, सक्ती नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायचे आणि घरच्या लक्ष्मीचे कर्ज फेडायचे. जळगावकडच्या विटनेरचे नाव यात पुढे होते. या प्रचारात सीतेची गोष्ट सांगत. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला एकट्या सीतेचे देऊळ आहे. टाकलेल्या सीतेने तिथे लेकरांसाठी गहू मागितला, गावाने दिला नाही, अशी तिथली कथा. पुढे जोशींनीच त्या देवळाचा जीर्णोद्धार घडवला. आपल्या पउमचरियातली सीता अग्निपरीक्षेनंतर घरी परतत नाही, केशलोच करून दीक्षा घेते. रावेरीची सीता गहू मागते. मला दोघी हव्यात, पण व्याख्यानात आपल्याला एकच ऐकवतात.

पक्ष मात्र उशिरा झाला. मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे म्हणणाऱ्या माणसाने 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजी आणि मिनू मसानी यांनी 1959 मध्ये काढलेल्या स्वतंत्र पक्षाचे विचार त्यामागे होते : सरकारने शेतकऱ्याच्या मानेवरून उतरावे, बाजार खुला करावा. पण खुल्या बाजाराच्या बाजूने, डंकेल प्रस्तावाच्या बाजूने बोलल्यामुळे कितीतरी जुने सोबती दुरावले. लाखांच्या सभा, आणि मतपेटीत मूठभर. राजुऱ्याचे वामनराव चटप निवडून येत, तेवढाच विदर्भाचा आधार. 2004 मध्ये जोशी भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेले. त्यावरून राजू शेट्टी वेगळे झाले आणि त्यांनी स्वाभिमानी काढली. जिने बायकांना सातबाऱ्यावर आणले ती चळवळ पक्ष म्हणून कधी उभी राहिली नाही. अधिवेशनाला येणारी बाई मत देताना जात, नातेवाईक आणि साखर कारखाना बघे, किंवा नवरा सांगेल तिथे शिक्का मारी. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. मीही तेच केले आहे.

आता ते 2010 चे मत. विधेयकात आरक्षित जागा दर निवडणुकीत बदलत जाणार होत्या. जोशींचे म्हणणे असे की पुढच्या वेळी मतदारसंघ आपला राहणार नाही हे माहीत असताना कोणती बाई तिथे मन लावून काम करील? चिठ्ठीने मिळालेली जागा बाईला नेता करत नाही, तिने संघटित होऊन घ्यावी. एकटे उठून त्यांनी विरोधात मत दिले. त्या वेळी मला संताप आला होता. चांदवड भरवणारा माणूस असे करतो?

भोपाळमध्ये इतकी वर्षे राहून तो संताप थोडा उतरला आहे, पूर्ण नाही. मध्य प्रदेशात पंचायतीत आता बायकांना निम्म्या जागा आहेत, आणि गावोगाव "सरपंच पती" हा शब्द लोक न लाजता वापरतात. जोशी यावर बोट ठेवत होते. पण याच राज्यात मी अशाही सरपंच पाहिल्या, ज्या पहिल्या वर्षी पदराआड बसल्या आणि चौथ्या वर्षी सचिवाला कागद वाचून दाखवायला लावू लागल्या. राखीव जागा नसती तर त्या खुर्चीपर्यंत पोचल्याच नसत्या. म्हणून मी त्यांच्या मताशी सहमत नाही. पण बायकांचे भले न बघवणारा, हेही खरे नव्हे, आणि हे मी त्या दिवशी मंडळात सांगितले. पेढा खाताना लांबलचक सांगितले, सगळ्या कंटाळल्याही असतील.

मग एकीने विचारले, "ताई, तुमच्या बाईंचं नाव लागलं का कधी, दुकानावर?"

नाही लागले. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलाच्या बरोबरीने झाला, आणि वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. बाबूजी गेल्यावर भावांनी हक्कसोडाचा कागद पाठवला. मी भोपाळहून गेले, सही केली, साडी घेऊन परत आले. बाई शेजारीच बसली होती. तिने विचारले, "वाचलास का?"

मी म्हटले, "त्यात काय वाचायचं?"

बाई काही बोलली नाही. तिचा अंगठा त्या कागदावर आधीच होता.